भगवतीआक्काने शपथ मोडली त्याची गोष्ट

आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी सेक्रेटरींनी निरोप पाठवला, "वहिनी, गावातल्या एखाद्या थोर माणसावर लिहा. देवळाला जमीन दिलेली, शाळा काढलेली, अशी कुणी व्यक्ती." मी हो म्हटलं. मग माझी १९८३-८४ सालची रोजची वही काढली आणि पानं उलटता उलटता ठरवलं, जमीन देणाऱ्यांवर लिहायला पुष्कळ जण आहेत. मी भगवतीआक्कावर लिहिणार. छापायचं असेल तर छापा.

भगवतीआक्का जन्माची बों अक्योय गावची, बेटाच्या खालच्या अंगाला उसाच्या पट्ट्यातली, जिथे दुपारी भिंतीलासुद्धा घाम येतो. सतराव्या वर्षी लग्न होऊन वर डोंगरात आमच्या नुव्हेल फ्रांस गावाला आली तेव्हा पहिले आठ दिवस रडत होती. सासू म्हणाली, "माहेरची आठवण येते का गं?" तर म्हणाली, "माहेर नाही हो, पाय गार पडतात." इथला पाऊस असा की कपडे दोरीवर तीन दिवस असतात आणि चौथ्या दिवशी चुलीवर सुकवावे लागतात. पण चहाला तोच पाऊस लागतो. आक्का लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून पाठीला टोपली बांधून चहाच्या मळ्यात उतरली ती पंचवीस वर्षं. नवरा लक्ष्मण छातीच्या दुखण्याने गेला, दोन्ही मुली लग्न होऊन दूर गेल्या, तरी टोपली सुटली नाही. सुटली ती ब्याऐंशी साली, उतारावरून पाय घसरला तेव्हा. उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. डॉक्टरने सांगितलं, पुन्हा उतारावर उभी राहिलीस तर पाय वाकायचा बंद होईल.

आता घरात एकटी बाई, मळा बंद, आणि हातात एकच विद्या: गोधडीचा टाका. तिच्या आजीचा टाका तिच्या आईकडे आला, आईचा हिच्याकडे. धागा कधी वर आला, कधी खाली गेला, ते बोट लावून कळायचं नाही. उलट बाजूनेही गोधडी सुलट दिसायची.

ह्याच सुमारास प्रेमचंद व्हॅन घेऊन गावात फिरू लागला.

प्रेमचंद आमच्याच समाजातला, मंडळाचा खजिनदार. देवळाचा लाऊडस्पीकर त्याने दिलेला, त्यावर त्याचं नावही आहे. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं लोण्यासारखं. वर शहरात एक कारखाना लोकरीचे कपडे विणून परदेशी पाठवायचा. विणकाम यंत्र करतं, पण बायकांच्या त्रिकोवर, म्हणजे पुढून बटणांच्या स्वेटरवर, छातीपाशी तीन फुलं आणि एक पान भरायचं असे, ते हातानेच. कारखाना ते काम प्रेमचंदला देई आणि प्रेमचंद ते आमच्या आळीत वाटी. आम्ही नऊ बायका होतो. गुरुवारी गठ्ठा यायचा, पुढच्या गुरुवारी तो घेऊन जायचा, आणि प्रत्येकीला बंद पाकीट.

भाव कसा ठरला ते सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

तो एकेकीकडे वेगळा आला. सकाळी, पुरुषमाणसं कामावर गेल्यावर. हातात देवळातला प्रसादाचा नारळ. माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "काकी, तुम्ही मोठ्या. तुम्हाला मी भाव कसा सांगू? तुम्हीच सांगा, कमीत कमी किती घ्याल?" आपल्यात मोठ्या माणसाशी घासाघीस करत नाहीत, आणि लहान इतक्या मानाने विचारतो म्हटल्यावर आपणही खोटं बोलत नाही. मी खरोखर विचार केला. माझं घर माझ्या यजमानांच्या, सीतारामच्या, पगारावर चालतं, ते बसच्या डेपोत आहेत. एका त्रिकोला सहा रुपयांच्या खाली मला डोळे शिणवायचे नव्हते. मी सहा म्हटलं. त्याने मान डोलावली, मला देवघरापाशी नेलं आणि म्हणाला, "गणपतीवर हात ठेवून सांगा, हा आकडा कुणाला सांगणार नाही. एकीचा दुसरीला कळला की मनं दुखावतात. आपला समाज छोटा, काकी." मला ते पटलं. मी हात ठेवला. त्या दिवशी वहीत लिहिलंय, "प्रेमचंद समजूतदार मुलगा आहे."

वर्षभर चाललं. आक्का माझ्या ओसरीवर येऊन बसायची, कारण तिच्या घरात उजेड कमी. दोघी शेजारी बसून फुलं भरायचो. माझं एक फूल होईपर्यंत तिची दोन व्हायची, आणि तरी तिचं फूल हात लावावासा वाटे असं. मी म्हणायची, "आक्का, तू काय जादू करतेस?" ती म्हणायची, "पोट रिकामं असलं की बोटं हलकी होतात." मी हसायची. मला वाटे विनोद आहे.

१९८४च्या जुलैत माझी मुलगी विद्यावती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. अर्थशास्त्राची परीक्षा जवळ आलेली. ती ओसरीवरच मोठ्याने वाचायची आणि आम्हालाच शिकवायची, म्हणजे तिचं पाठ व्हायचं. एक दिवस म्हणाली, "भगवतीमावशी, रविवारी बाजारातून तो भोपळा आणला, केवढ्याला?"

"पाच रुपये."

"आणि बाईने किती सांगितले असते तरी घेतला असता?"

आक्काने सुई थांबवली. "जावई जेवायला येणार होते. आठ दिले असते. पण तोंडावर दाखवलं नाही हो! मी आपली कोबीकडेच बघत होते."

विद्यावती टाळ्या पिटत म्हणाली, "ते तीन रुपये! त्याला म्हणतात कन्झ्युमर सरप्लस. घेणाऱ्याची वरकड. दिसत नाही, पण तुमच्या पदरात राहिली."

"आणि भोपळेवालीचं काय? ती मेली का?"

"तिने चारलाही दिला असता, पाच मिळाले. एक तिची वरकड. विकणाऱ्याची."

"बरं आहे बाई. दोघी हसत घरी गेलो, मग पुस्तक कशाला लिहिलं?"

विद्यावतीने वहीच्या पानावर जिना काढला. म्हणाली, समजा नऊ विकणाऱ्या आहेत. पहिली एकलाही देईल, ती सगळ्यात खालची पायरी. दुसरी दोनला, मग तीन, चार, असं करत सगळ्यात वरची नऊला. बाजारात भाव सगळ्यांना एकच, नऊ. म्हणून तिने वरच्या पायरीच्या पातळीवर एक आडवी रेघ ओढली. पायरी आणि रेघ यांच्यामधली जागा पेन्सिलीने काळी केली. "ही सगळी त्या बायकांची वरकड. सगळ्यात खालचीची सगळ्यात जास्त, वरचीची काहीच नाही."

आक्का बराच वेळ त्या काळ्या तिकोनाकडे बघत होती. मग म्हणाली, "आणि घेणाऱ्याने प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारलं तर? की बाई, तू कमीत कमी कितीला देशील?"

विद्यावती म्हणाली, "आणि त्या खरं सांगतील?"

"सांगतील. समज, फार भल्या बायका आहेत."

विद्यावतीने रबर घेतलं आणि रेघ पुसून टाकली. "मग रेघच नाही. प्रत्येकीला तिच्या पायरीएवढंच. हा सगळा काळा तुकडा त्याचा."

"त्याला कळणार कसं कुणाची पायरी कुठे?"

"तेच तर अवघड, मावशी. पुस्तकात म्हटलंय, असं क्वचित होतं, कारण बायका एकमेकींशी बोलतात."

आक्काने सुई कापडात टोचून ठेवली. माझ्याकडे वळली. आवाज अगदी साधा. "राजलक्ष्मी, तुझ्याकडे प्रेमचंद नारळ घेऊन आला होता?"

मी सुईत धागा ओवायला घेतला.

"देवघरापाशी नेलं होतं?"

मी देवघराकडे बघितलं. तेवढंच उत्तर तिला पुरलं.

"आकडा विचारत नाही मी," ती म्हणाली. "शपथ आहे तुझी. मला एवढंच कळायला हवं होतं की शपथ माझ्या एकटीची नाही."

त्या आठवड्यात ती लंगडत बाकीच्या सातही घरी जाऊन आली. कुणालाच भाव विचारला नाही. फक्त नारळ आला होता का, एवढंच. सगळीकडे आला होता. आळीतल्या एका घरची धाकटी सून बसंती, जेमतेम बावीस वर्षांची, रडायलाच लागली: "मला वाटलं मला एकटीलाच एवढा मान दिला." आक्का म्हणाली, "मान नऊ ठिकाणी वाटला त्याने. नारळच तेवढे स्वस्तात मिळाले असतील."

मंगळवारी दुपारी आमच्याकडे आरती असते. नऊही जणी आल्या. आरती झाली, प्रसाद वाटायचा होता, तेवढ्यात आक्का उठून देवासमोर गेली. तबकातल्या ज्योतीवरून हात फिरवून कपाळाला लावला आणि आमच्याकडे नव्हे, देवाकडे तोंड करून बोलू लागली.

"गणराया, तुझ्यावर हात ठेवून मी बोलणार नाही म्हटलं होतं. वर्षभर पाळलं. आज मोडते. तुला साक्षीला उभा केला, पण चाकरी प्रेमचंदची करून घेतली तुझ्याकडून, आणि तुला विचारलंही नाही. पाप असेल तर माझ्या एकटीचं, ह्या बायकांचं नाही. माझा भाव तीन रुपये."

मी आयुष्यात एकादशी चुकवलेली नाही, शपथ तर दूरच. माझ्या डोळ्यांसमोर शपथ मोडत होती आणि देव काही करत नव्हता. ज्योत होती तशी जळत होती.

मग बसंती म्हणाली, "साडेतीन." इतक्या हळू की पुन्हा सांगावं लागलं. मग एकेकीने. साडेतीन, चार, चार, साडेचार, पाच, पाच. शेवटी मी राहिले. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या, फक्त आक्का सोडून.

ती म्हणाली, "हिला कुणी विचारू नका. हिचा देव हिच्यापाशी."

ती ते वाक्य बोलली नसती तर कदाचित मी गप्प राहिले असते. मी म्हटलं, "सहा."

"आयो!" कुणीतरी ओरडलं.

मला वाटलं आक्का रागावेल. ती हसली. खदखदून. "अगं, म्हणजे माझं फूल तुझ्या अर्ध्या किमतीचं! का, तर माझी चूल विझायला आलेली त्याला दिसली आणि तुझ्या चुलीवर डाळ शिजत होती. टाका बघून भाव नाही दिला त्याने. भूक बघून दिला. जितकी जास्त भूक तितकी पायरी खाली."

"तुझं फूल माझ्यापेक्षा चांगलं आहे," मी म्हटलं. वर्षभर मनात होतं, त्या दिवशी तोंडातून निघालं.

विद्यावती दारात उभी होती. तिने बोटांवर हिशेब केला. "नऊ जणींचे नऊ त्रिको सहाच्या भावाने, चोपन्न. तो देतो साडेअडतीस. म्हणजे प्रत्येकीच्या एकेका त्रिकोमागेच साडेपंधरा रुपये तुमचे, त्याच्या व्हॅनीत."

"मग पाच मागूया का सगळ्यांना?" एकीने विचारलं.

"पाच का?" आक्का म्हणाली. "राजलक्ष्मीला सहा देतो आणि तरी व्हॅनीत पेट्रोल घालतोच ना? सहा परवडतात, हे त्याच्याच पाकिटाने सांगितलं. सहा. सगळ्यांना. तोंडावर, ओसरीवर, उजेडात."

विद्यावती थोडी घाबरत म्हणाली, "मावशी, एक गोष्ट आहे. सगळ्यांना सारखे द्यावे लागले तर घेणारा कधी कधी कमी माणसं घेतो. कुणीतरी एक बाहेर पडू शकते."

"पडली तर पडली," आक्का म्हणाली. पण तिचा हात गुडघ्यावर गेला होता. मला दिसलं. आमच्यात जिला बाहेर पडणं परवडत नव्हतं अशी ती एकटीच होती.

सीतारामनी संध्याकाळी विचारलं, "तुला सहा मिळतातच. ह्यात तुला काय मिळणार?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मग काही नाही. मिळालंच पाहिजे असं आहे का?"

ते पेपर वाचायला लागले.

गुरुवारी प्रेमचंद आला. नऊ जणी एका ओसरीवर बघून त्याची पावलं मंद झाली, पण तोंड तेच. "कि मान्येर, काकी? कसं काय? आज पूजा आहे का काही?"

"पूजा झाली मंगळवारी," आक्का म्हणाली. "बस. भाव सांगायचा होता. आजपासून सहा. सगळ्यांना."

त्याने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. कळलं त्याला. "म्हणजे शपथ मोडली?"

"मी मोडली. पहिल्यांदा."

"आक्का! देवाच्या डोक्यावर हात ठेवून? पाप लागेल तुम्हाला."

"लागू दे. पण लागलं तर सहा रुपयांच्या भावाने लागू दे, तीनच्या भावाने नको."

बसंती फिदकन हसली आणि पदर तोंडाशी धरला. प्रेमचंदचे कान लाल झाले. तो म्हणाला, "मी काय कुणाला फसवलं? जो आकडा तुम्ही सांगितला तोच दिला. एक पैसा कमी दिला का कधी?"

आणि हे खरं होतं. म्हणूनच आम्हा सगळ्यांना वर्षभर कळलं नव्हतं. मी विचारात पडले. आक्का नाही पडली.

"नाही दिलास कमी," ती म्हणाली. "तू फक्त आमच्या घराची किल्ली मागितलीस आणि आम्ही चहा पाजून दिली. आता परत दे."

"मला नाही परवडत."

"मग गठ्ठे ने."

तो थांबला. त्याला वाटलं कुणीतरी उठेल. कुणी उठलं नाही. त्याने गठ्ठे व्हॅनीत टाकले आणि दार असं आपटलं की माझी कोंबडी उडून भिंतीवर बसली.

पुढचे तीन आठवडे वहीत फार लिहिलेलं नाही. प्रेमचंद दुसऱ्या गावी काम देऊ लागला असं कळलं. आमच्या आळीत सासवा बोलू लागल्या. बसंतीकडे तो एकदा मागच्या दाराने आला, साडेपाच देतो, फक्त तुला, म्हणाला. ही काल साडेतीनला काम करणारी पोर! तिने सांगितलं, "पुढच्या दाराने या आणि सगळ्यांसमोर म्हणा." मग दार लावून घेतलं आणि तशीच माझ्याकडे आली. मी तिला साखर घालून गरम दूध दिलं.

आणि आक्का मळ्यावर गेली.

डॉक्टरने नको म्हटलेल्या त्याच उतारावर. सकाळी साडेपाचला मळ्याची लॉरी कोपऱ्यावर भोंगा वाजवायची. ती गुडघ्याला एरंडाची पानं आणि जुन्या लुगड्याची पट्टी बांधून, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन निघायची. दोन बायका तिला हाताला धरून वर चढवायच्या. संध्याकाळी उतरायची तेव्हा एकेक पाय जमिनीवर ठेवायला वेळ लागायचा. दुसऱ्या आठवड्यात मी तिच्याकडे तांदूळ घेऊन गेले. तिने घेतले, पण म्हणाली, "दर आठवड्याला आणू नकोस. नाहीतर माझा राग ढिला पडेल."

"आक्का, तू म्हण, आम्ही पाचवर येतो," मी म्हटलं.

"तुझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी पाचवर येणार, मग पाचाचे चार माझ्यासाठीच करणार. आणि मग मी पुन्हा खालच्या पायरीवर, सगळ्यांच्या दयेने." तिने तांदूळ निवडायला घेतले. "माझा पाय मोडला तरी चालेल राजलक्ष्मी, पण तो मोडलेला बघून कुणी भाव ठरवायचा नाही. मी देवासमोर बोललेय. एकदा मोडली शपथ. दुसरी मोडणार नाही."

मी घरी येऊन त्या रात्रीच्या पानावर देवाला शिव्या लिहिल्या. सकाळी खोडल्या. खोडलेलं अजून वाचता येतं.

चौथ्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमाराला व्हॅन माझ्या दारात उभी राहिली. प्रेमचंद उतरला. दाढी वाढलेली. व्हॅनच्या पुढच्या सीटवर एक फिकट निळा त्रिको चुरगळून पडला होता. मी आधी तो बघितला. पाठीमागून गाठीच गाठी, पानाचा धागा सुटून लोंबत होता. कारखान्याने परत फेकलेला माल. बायका गोळा झाल्या, आक्का सोडून. ती मळ्यावर होती.

"काकी, झालं गेलं," तो म्हणाला. "सहा. सगळ्यांना सहा. पुढल्या बुधवारी जहाजाचा माल जायचाय. आजच घ्या."

ओसरीवर एकदम कुजबुज झाली. एकीने माझ्या कानाशी म्हटलं, "अडलाय तो. आठ मागूया. दहासुद्धा देईल!" आणि खरंच देईल असं दिसत होतं. त्याची पायरी आता आम्हाला दिसत होती, जशी आमची त्याला वर्षभर दिसत होती. मलाही मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण आक्का तिथे असती तर काय म्हणाली असती ते मला माहीत होतं. त्याने अडलेलं बघून भाव केला म्हणूनच तर आम्ही उठलो होतो. मी म्हटलं, "सहा म्हटलं तर सहा. उतरव."

त्याने गठ्ठे उतरवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आठ ठेवले आणि मागचं दार लावलं.

"नववा?" मी विचारलं.

त्याने रुमालाने मान पुसली. "काकी, तुम्हा आठ जणींशी माझं काही नाही. पण भगवतीआक्काला मी काम देणार नाही. आळीभर मला चोर ठरवलं त्या बाईने. मंडळात लोक विचारतात मला. तिला मळा आहेच की."

खरं सांगते, तीन आठवडे घरात पैसे आले नव्हते. गठ्ठे समोर होते. बसंतीचा हात तिच्या गठ्ठ्याच्या गाठीवर होता. सहा रुपये, जे आक्काने मागितले होते, तेच. फक्त आक्का सोडून. मला विद्यावतीचं बोलणं आठवलं, कुणीतरी एक बाहेर पडू शकते. आणि बाहेर पडायची वेळ आली तेव्हा ती इथे नव्हती, वर उतारावर होती, आमच्या सहा रुपयांसाठी.

मी कुणाशी कधी भांडलेली बाई नाही. सीतारामना विचारा. मी माझा गठ्ठा उचलला, व्हॅनीपर्यंत नेला आणि बंद दाराच्या काचेसमोर, रस्त्यावरच्या चिखलात ठेवला.

"काकी! माल खराब होईल!"

"होऊ दे. नऊ उतरव, नाहीतर हे आठही ने."

"तुम्हाला तर सहा मिळतच होते! तुम्ही कशाला..."

"तेच घरीही विचारलं मला. उत्तर मिळालं नाही त्यांना. तुलाही मिळणार नाही."

मागून बसंती आली. तिने तिचा गठ्ठा माझ्याच्या शेजारी ठेवला. मग बाकीच्या. कुणी चिखलात, कुणी टायरला टेकवून. एका म्हातारीने तर सरळ बॉनेटवर ठेवला. आठ गठ्ठ्यांनी व्हॅन घेरली गेली. उचलल्याशिवाय त्याला हलताही येईना. पाऊस भुरभुरायला लागला होता. तो पावसाकडे बघत होता, गठ्ठ्यांकडे बघत होता, मग आमच्याकडे.

"तुम्ही सगळ्या भगवतीआक्का झालात की काय?" तो म्हणाला.

"नाही रे," म्हातारी म्हणाली. "तिच्याएवढा टाका कुठे येतो आम्हाला?"

त्याने मागचं दार उघडलं. नववा गठ्ठा सगळ्यांत मोठा होता. तो एवढा का, ते आधी मला कळेना, मग कळलं: परत आलेले खराब त्रिको त्यात होते. उसवून पुन्हा भरायचे. ते काम आळीत एकच बाई करू शकत होती. त्याने तो आधीच तिच्यासाठी बांधून आणला होता आणि तरी तिला सोडून जमतंय का, ते तो बघत होता.

"उसवण्याचे वेगळे," मी म्हटलं. "ते तिच्याशीच बोल. संध्याकाळी सहाला लॉरी येते. थांब."

तो थांबला. माझ्या ओसरीवर, चहा न घेता.

अंधार पडता पडता लॉरी कोपऱ्यावर आली. दोन बायकांनी आक्काला खाली उतरवलं. तिने व्हॅन बघितली, प्रेमचंदला बघितलं, आम्हा आठ जणींना भिजलेल्या बघितलं. तिने डोक्यावरची खोळ काढून झटकली.

"काय रे, भाव काय म्हणतोस?"

"सहा," तो म्हणाला. "सगळ्यांना."

"ऐकू आलं नाही. लॉरीचा आवाज होता."

"सहा!" तो ओरडला. आळीतल्या दोन घरांची दारं उघडली. "आणि उसवून भरायचे आठ!"

"हां," आक्का म्हणाली. "असं मोठ्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला लॉरीने भोंगा वाजवला. मी देवाची फुलं काढायला बाहेर होते. आक्का तिच्या दारात पाटावर बसली होती, उजवा पाय समोर लांब करून, मांडीवर फिकट निळा त्रिको, आणि त्याच्या गाठी कात्रीच्या टोकाने एकेक करून तोडत होती. ड्रायव्हरने पुन्हा भोंगा दिला. तिने मान वर केली नाही.

"आक्का, येतेस ना? उशीर होतोय!"

"जा रे बाबा," ती म्हणाली. "उद्याही थांबू नकोस."